परसातल्या तळ्यात काठावरची झाडं किती खोल लावायची

काठावरच्या पाणवनस्पती विकत घेताना लेबलवर बहुधा एक आकडा असतो: ०–१० सेंमी, ५–१५ सेंमी असं काहीतरी. आकडा सहसा बरोबर असतो. तरीही वेखंड सडतं, ब्राह्मी मे महिन्यात करपते आणि कर्दळ पहिल्या वादळी पावसात आडवी होते. कारण ही खोली कुठून कुठपर्यंत मोजायची आणि पाणी कोणत्या महिन्यातलं धरायचं, या दोन्ही गोष्टी लेबलवर नसतात. आपल्याकडच्या तळ्याचं पाणी जुलैत सांडव्याला टेकलेलं असतं आणि मेमध्ये बरंच खाली गेलेलं. त्यामुळे खोली हा एक आकडा न धरता पट्टा धरावा. त्याची वरची हद्द सांडवा ठरवतो आणि खालची हद्द उन्हाळा.

हिशेबासाठी एक तळं धरू: अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद, मध्यभागी ६० सेंमी खोल, पुणे-सातारा-नाशिक पट्ट्यातल्या एखाद्या बंगल्यामागचं. कोकणात काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी सांडवा

झाडांचा विचार करण्याआधी तळं भरून वाहू लागतं ती पातळी पक्की करा. काठापासून पाचेक सेंमी खाली एक आडवा पाइप आणि तोंडाला जाळी, एवढं पुरतं. सांडवाच नसेल तर पाणी काठाच्या सगळ्यात खोलगट जागेवरून वाहतं. ती जागा पावसागणिक झिजत जाते आणि तुमची ‘पूर्ण पातळी’ दरवर्षी वेगळी येते.

पाइप किती मोठा हवा? आपल्या तळ्याचं तोंड पावणेचार चौरस मीटर आहे. एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला, तर फक्त आभाळातून पडलेलं पाणी ३७५ लिटर होतं आणि सांडवा नसेल तर पातळी १० सेंमीने चढते. देशावर असा दिवस क्वचित येतो, कोकणात मात्र पावसाळ्यात तो नेहमीचाच. त्यात छपराची पन्हाळ तळ्याकडे वळवली असेल, तर पाणी याच्या अनेक पटींनी वाढतं. देशावर दोन इंची पाइप चालतो. कोकणात दोन पाइप समोरासमोर टाका, कारण एकाच्या जाळीत पानं अडकणार हे ठरलेलं.

सांडव्याच्या पाइपच्या तोंडाची खालची कड म्हणजे आपलं शून्य. काठाच्या दगडावर त्या पातळीला रंगाची किंवा छिन्नीची कायमची खूण करा. यापुढची सगळी मापं या खुणेपासून खाली मोजायची, आज पाणी कुठे आहे ते बघून नाही.

मग उन्हाळ्याची रेघ

एप्रिल-मेमध्ये देशावर उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला साधारण ७ ते १० मिमी उतरते. दाट झाडी असेल तर पानांमधूनही पाणी जातं, ते वेगळं. आठवड्यातून एकदाच पाणी घालणाऱ्याच्या तळ्यात दोन भरण्यांच्या मध्ये पातळी ५ ते ७ सेंमीने खाली जाते. पंधरा दिवस गावाला गेलात तर १० ते १५ सेंमी. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या वाऱ्यात हिशेब आणखी वर धरा. किनाऱ्यालगत हवा दमट असल्याने थोडा कमी.

पातळी याहून झपाट्याने उतरत असेल तर आधी गळती तपासा. बादलीत तळ्याचंच पाणी भरून ती तळ्यातल्या कठड्यावर अर्धवट बुडेल अशी ठेवा आणि बादलीतल्या व तळ्यातल्या पातळीला खुणा करा. तीन-चार दिवसांनी दोन्हीकडे पाणी जवळपास सारखं उतरलं असेल तर ते वाफ होऊन गेलं. तळ्यात स्पष्टपणे जास्त उतरलं असेल तर कुठेतरी झिरपतंय. पाऊस नसताना हे करा, आणि कुत्र्या-मांजराच्या तोंडी बादली येणार नाही असं बघा.

वरच्या टाकीतून बारीक नळी आणून तिला बॉलकॉक लावला, तर पातळी दोन-एक सेंमीच्या आतच खालीवर होते आणि पुढचं सगळं गणित सोपं होतं. पण त्याची एक खोड आहे. तळं गळत असेल तरी महिनोन् महिने कळत नाही, पाण्याचं बिल मात्र कळवतं. पाणीटंचाईच्या गावात मी बॉलकॉक लावायचा सल्ला देणार नाही. तिथे पातळी उतरू द्यावी आणि उतरत्या पाण्याला तोंड देणारी झाडं निवडावीत.

आता दोन अटी मांडता येतात. पाणी शून्यावर असताना झाडाची बरीचशी पानं पाण्याबाहेर हवीत. पाणी तुमच्या उन्हाळी रेघेवर, म्हणजे दोन भरण्यांच्या मधल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असताना त्याच झाडाची माती ओली हवी. या दोन्ही अटी ज्या खोलीत पाळल्या जातात, ती त्या झाडाची तुमच्या तळ्यातली खोली.

खोली कुठून मोजायची

कुंडीचा तळ ते पाणी, ही खोली नव्हे. मुळं संपून पानं-कोंब सुरू होतात त्या जागेपासून, म्हणजे कुंडीतल्या माती-खडीच्या वरच्या थरापासून, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे लागवडीची खोली. ‘१० सेंमी खोल’ वाचून २० सेंमी उंचीची कुंडी १० सेंमी पाण्यात ठेवली, तर झाड पाण्याच्या वरच राहतं. उलट खडी १२ सेंमीवर असलेलं ठेंगणं घमेलं २३ सेंमी खोल पायरीवर ठेवलं तर झाडावर ११ सेंमी पाणी चढतं आणि ब्राह्मी पाण्याखालीच राहते.

बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शकांमध्ये काठाची पायरी बरेचदा ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंमी खोल सांगितलेली असते. २० सेंमी उंचीच्या कुंडीत खडी १८ सेंमीपर्यंत आली की वर ५ सेंमी पाणी राहतं, तेव्हा हिशेब जुळतो. पण त्या कुंडीसाठी आणि त्या हवेसाठी. तिथे पायरी आखताना थंडीत गोठणाऱ्या पाण्याचाही विचार असतो. आपल्याला विचार करायचा आहे तो आटणाऱ्या पाण्याचा.

मोजायला कापडाची टेप घेऊ नका. लाकडी पट्टीवर दर सेंमीला खूण करून ती पानांमधून सरळ खाली खडीला टेकेपर्यंत सोडा.

झाडाला खोलीची पर्वा का असते

पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत जवळपास दहा हजार पटींनी हळू पसरतो. पाण्याखालच्या मातीत तो जवळजवळ नसतोच. काठावरची झाडं यावर तोडगा काढतात: त्यांच्या देठांत आणि पानांत हवेच्या पोकळ्या असतात आणि पानांनी घेतलेली हवा त्यातून मुळांपर्यंत उतरते. अळूचा देठ आडवा कापून बघा, स्पंजसारखा दिसेल. पाणकणसाच्या पानात तर सरळ कप्पेच असतात.

म्हणजे मुळांचं नाक पानांत आहे. नर्सरीतून आणलेल्या किंवा नुकत्या फोडलेल्या रोपाला पानं दोन-चार आणि तीही आखूड. ते पूर्ण वाढलेल्या झाडाच्या खोलीवर थेट ठेवलं की नाकच बुडतं. गड्ड्यावर कापलेली जखम असेल तर सडायला तिथून सुरुवात होते. लेबलवरचा मोठा आकडा वाढलेल्या झाडाचा असतो. लावताना प्रत्येक झाडाची खोली शून्य धरावी: पाणी खडीला जेमतेम टेकलेलं.

पायऱ्या आणि विटा

तळं नवं खणत असाल तर काठाने दोन पायऱ्या ठेवा: एक शून्यापासून १५ सेंमी खाली, दुसरी ३० सेंमी खाली. रुंदी ४५ सेंमी तरी हवी, नाहीतर घमेलं बसत नाही. पायरीचा उतार किंचित काठाच्या बाजूला द्या, म्हणजे कुंड्या आत घसरत नाहीत. गवंड्याला काठ आणि दोन्ही पायऱ्या लेव्हल पाइपने तपासायला सांगा. अडीच मीटर लांबीवर नुसत्या पाणसळीवर विसंबू नये. काठ एका बाजूला तीन सेंमी कलला तर वेखंडाला फरक पडत नाही, पण ब्राह्मी एका टोकाला बुडते आणि दुसऱ्या टोकाला सुकते.

काळ्या जमिनीत विटा-सिमेंटचा हौद तडकतो, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद बरा. खाली बारीक वाळूचा किंवा जुन्या गोणपाटाचा थर द्या. कोकणात जांभ्यात खणलेला खड्डा पाणी धरत नाही, त्यामुळे तिथेही कागद किंवा प्लास्टर लागतंच. सिमेंटचं काम नवं असेल तर झाडं-मासे सोडण्याआधी तळं भरून, काही दिवस ठेवून रिकामं करणं दोन-तीन वेळा करा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी फार अल्कधर्मी होतं.

तळं आधीच बांधलेलं आहे आणि पायऱ्या नाहीत? हरकत नाही. भाजलेली मातीची वीट हे खोली ठरवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. पारंपरिक वीट साधारण २३ × ११ × ७.५ सेंमी असते. आडवी ठेवली तर ७.५ सेंमी, कडेवर उभी केली तर ११ सेंमी उंची मिळते. गावागणिक विटेचं माप बदलतं, म्हणून आपली वीट एकदा मोजून घ्या.

आता १४ सेंमी उंचीचं प्लास्टिकचं घमेलं घ्या, ज्यात खडीचा वरचा थर १२ सेंमीवर आहे. ते ३० सेंमीच्या पायरीवर तसंच ठेवलं तर झाडावर १८ सेंमी पाणी येतं. खाली विटांचा एक आडवा थर दिला की १०.५ सेंमी, विटा कडेवर केल्या की ७ सेंमी, दोन आडवे थर दिले की ३ सेंमी. एक आडवा आणि त्यावर एक कडेवरचा थर दिला की खडी पाण्याच्या अर्धा सेंमी वर येते. १५ सेंमीच्या पायरीवर हेच घमेलं विटेशिवाय ३ सेंमी पाण्यात बसतं. हे पाच-सहा आकडे एका कागदावर लिहून शेडमध्ये चिकटवले की पुढे टेपही लागत नाही.

एका थरात दोन विटा शेजारी, आणि वरचा थर त्यांना आडवा, म्हणजे डगमगत नाही. कागदाच्या तळ्यात विटेखाली गोणपाटाची दुहेरी घडी घाला. राखेच्या विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरायचेच असतील तर आधी दोनेक आठवडे पाणी बदलत भिजवा. आणि बांधकामावर उरलेले ते हलके पांढरे ब्लॉक आणू नका. ते पाण्यावर तरंगतात.

भांडं आणि माती

काठावरच्या झाडांना उंच कुंडीपेक्षा पसरट घमेलं मला जास्त पसंत आहे. बहुतेकांची मुळं आणि गड्डे आडवे पसरतात, आणि उंच कुंडी वाऱ्यात कलंडते. मेअखेरच्या वादळी वाऱ्यात पुरुषभर उंचीच्या कर्दळीला धरून ठेवायला पसरट बूड आणि खडीवर ठेवलेले दोन-तीन वजनदार दगड लागतात.

घमेल्याला भोकं पाडा, हे विसरू नका. बिनभोकाचं घमेलं म्हणजे तळ्यात ठेवलेला वेगळाच हौद. पाणी कडेच्या खाली उतरलं की आतली माती तळ्यातून पाणी ओढू शकत नाही, आणि भोवती पाणी असून झाड सुकतं. बाजूंना खालच्या अर्ध्या भागात आठ-दहा भोकं आणि खडीच्या पातळीला चार, अशी पाडा. मग आतून गोणपाटाचं अस्तर लावा, म्हणजे माती वाहून जात नाही. उन्हाळी रेघेची अट पाळली जाते ती या भोकांमुळे. पाणी खडीच्या चार-पाच सेंमी खाली गेलं तरी माती खालून ओल खेचत राहते.

माती जड हवी. तळ्यातला किंवा धरणातला गाळ मिळाला तर उत्तम, नाहीतर बागेतली तांबडी माती चाळून घ्या. निव्वळ काळी माती घट्ट चिखल होऊन बसते, तिच्यात तिसरा हिस्सा जाड वाळू मिसळा. कोकोपीट आणि नर्सरीचं तयार मिश्रण पूर्ण टाळा. ते तरंगतं, कुजतं आणि पाणी तांबूस करतं. शेणखत द्यायचं तर पूर्ण कुजलेलं, ओंजळभर, अगदी तळाशी. वर द्याल तर आठवड्यात पाणी शेवाळाने हिरवं होईल. वर दोन सेंमी खडी घाला. आपली काळ्या दगडाची बारीक खडी चांगली, फक्त क्रशरची पूड निघून जाईपर्यंत धुवा.

कोणतं झाड, कुठे

वेखंडाचा गड्डा मातीलगत आडवा सरपटतो. त्याची पाठ मातीबाहेर दिसली पाहिजे, पुरला तर सडतो. कापलेलं टोक घमेल्याच्या भिंतीला आणि वाढतं टोक मध्याकडे करून लावा, म्हणजे त्याला पुढे सरकायला जागा मिळते. हीच रीत आडव्या गड्ड्याच्या सगळ्या झाडांना लागू आहे. रुजल्यावर ० ते ८ सेंमी. नर्सरीत वेखंड म्हणून कधी कधी आयरिस हाती देतात. पान चुरगळून वास घ्या, वेखंडाचा वास लपत नाही.

अळू ० ते १० सेंमी. स्वयंपाकघरासाठी आणतो तेच अळू चालतं, काळ्या देठाचं जास्त देखणं दिसतं. कोकणात ते न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा विहिरीच्या पाटाकडेला वाढतं. पाय सतत ओले आणि पाणी थोडं हलतं, हीच त्याची आवड. गड्ड्याचा दोन तृतीयांश भाग मातीत आणि कोंब वर ठेवा. सांडव्याजवळची किंवा कारंज्याजवळची जागा त्याला द्या. एक झाड वर्षभरात घमेलं भरून टाकतं, त्यामुळे शेजारी नाजूक काही नको. पानं खाणार असाल तर तळ्यात शेवाळनाशक वगैरे औषधं अजिबात टाकू नका.

‘ब्राह्मी’ मागितली की दोनपैकी काहीही मिळतं, आणि दोघींची खोली वेगळी आहे. बारीक, मांसल, लांबट पानांची आणि फिकट पांढऱ्या-जांभळट फुलांची ती नीरब्राह्मी. तिला ० ते ५ सेंमी द्या. याहून खोलात ती जगते, पण पाण्याखालीच राहते आणि फुलत नाही. गोलसर, कातरलेल्या पानांची ती मंडूकपर्णी. तिला पाण्याखाली ठेवूच नका. तिची माती शून्याच्या दोन-तीन सेंमी वर असावी, आणि तिला दुपारची सावली लागते. दोघी सरपटणाऱ्या असल्याने घमेल्याची कड ओलांडून तळ्याची कड झाकतात. सिमेंटचा काठ लपवायला यांच्याइतकं सोपं काही नाही.

कर्दळीचा गड्डा मातीत चार-पाच सेंमी खाली लावतात, तो वेखंडासारखा उघडा ठेवायचा नाही. ओल्या मातीत तीन-चार पानं फुटेपर्यंत ठेवा, मग हळूहळू १० सेंमीपर्यंत खाली न्या. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वाफ्यांमध्ये तिचा वापर होतो तो उगाच नाही. ती पाण्यातलं जादा खत भराभर शोषते आणि त्यामुळे शेवाळ कमी होतं. माशांच्या तळ्यात एक तरी कर्दळ असावी असं माझं मत आहे.

छत्रीगवत ० ते १५ सेंमी. काहीही सोसतं, मे महिन्यात पाणी घमेल्याखाली गेलं तरी कळवळत नाही. पहिल्यांदाच लावणाऱ्याने यापासून सुरुवात करावी. छत्री देठासकट कापून पाण्यावर उलटी तरंगत ठेवली की तिच्या मध्यातून नवी रोपं फुटतात.

निळ्या तुऱ्यांचा पिकरेल अमेरिकेतून आलेला आहे, त्याला ५ ते १५ सेंमी हवेत. थालिया उंच वाढतो आणि ३० सेंमीपर्यंत उतरतो. घमेल्याऐवजी त्याला टबच द्या. मार्सिलिया ही चार पानांची नेचेवर्गातली पाणवनस्पती ० ते २० सेंमीत कुठेही चालते. पाणी कमी असेल तिथे तिची पानं उभी राहतात, जास्त असेल तिथे तरंगतात. एकाच घमेल्यात दोन्ही रूपं बघायची असतील तर ते थोडं तिरकं ठेवा.

तालीमखाना हे आपल्या डबक्यांच्या आणि ओहोळांच्या काठचं झाड. पावसात ओल, नंतर उतरतं पाणी, ही त्याची सवय. जिथे उन्हाळ्यात पाणी घालणं शक्य नाही तिथे शून्यालगतच्या घमेल्यात ते लावावं. काटे मोठे असतात, मुलांच्या वाटेवर नको.

पाणकणीस, म्हणजे रामबाण, १० ते ३० सेंमी खोलीत छान वाढतं, पण पावणेचार चौरस मीटरच्या तळ्यात मी ते लावणार नाही. त्याच्या गड्ड्यांची टोकं अणकुचीदार असतात, पातळ कागद भोसकतात, आणि कापूस उडाला की शेजारच्या गटारातही उगवतं. हौस असेल तर मजबूत, भोकं फक्त वरच्या बाजूला असलेल्या टबात लावा आणि कणसं फुटायच्या आत कापा.

जलपर्णीचा प्रश्नच नको. फूल सुंदर आहे आणि खोलीची भानगड नाही हे खरं, पण पवना-इंद्रायणी आणि पवईच्या तलावाची गत सगळ्यांनी पाहिली आहे. सांडव्यातून एक रोप ओढ्यात गेलं तरी पुरे.

कमळ काठाचं झाड नाही. तरी लोक विचारतात म्हणून: त्याचा कोंब कधीही मातीत पुरायचा नाही, सुरुवातीला मातीवर ५ ते १० सेंमी पाणी, आणि पानं हवेत उभी राहू लागली की मधल्या खोल भागात ३०–४० सेंमीपर्यंत. परदेशी यादीतल्या मार्श मॅरीगोल्डसारख्या थंड हवेच्या झाडांवर पैसे घालवू नका. देशावरचा एप्रिल त्यांना सोसत नाही.

खाली उतरवण्याचा क्रम

लावल्यावर घमेलं आधी सावलीत, बाहेरच, भरपूर पाणी घालून दोन-तीन दिवस ठेवा. माती बसते आणि तळं गढूळ होत नाही. मग तळ्यात शून्य खोलीवर. घमेलं पाण्यात सोडताना तिरकं करून हळूहळू भरू द्या. सपाट सोडलं तर आतली हवा बुडबुड्यांनी निघताना मातीही उसळते.

एक नवं पान पूर्ण उघडून पाण्याबाहेर आलं, की पहिली पायरी: कडेवरच्या विटा आडव्या करा. झाड साडेतीन सेंमी खाली जातं. आणखी दोन पानं आल्यावर गरज असेल तर पुढचा थर काढा. घाई कॅलेंडर बघून नको, पान बघून करा. फेब्रुवारीअखेरीस लावलेली कर्दळ भराभर उतरवता येते. डिसेंबरात लावलेलं अळू नाशिककडच्या थंडीत महिनाभर ढिम्म राहील, त्याला तसंच राहू द्या.

लावायला उत्तम काळ फेब्रुवारीअखेर ते मार्च, म्हणजे कडक उन्हाआधी मुळं धरतात. दुसरी संधी जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पावसाळ्यात लावाल तर पाणी सतत शून्यावर असतं हे लक्षात घ्या. तेव्हा खडीला टेकलेलं पाणी म्हणजे खरंच सगळ्यात जास्त पाणी. एप्रिलमध्ये उतरलेल्या पाण्याला बेतून घमेलं ठेवलंत, तर पहिल्या पावसात ते झाड ५–७ सेंमी बुडेल. खूण शून्याला करायची ती याचसाठी.

उथळ पाणी आणि डास

काठाची झाडं लावली की डासांचा प्रश्न येतोच, आणि तो खोलीशी बांधलेला आहे. गप्पी मासे तळ्यातल्या अळ्या खातात, पण घमेल्याची कड पाण्यावर आणि आत खडीवर दोन सेंमी पाणी अडकलेलं असेल तर तिथे मासा पोचत नाही. पातळी उतरताना नेमकी अशीच डबकी तयार होतात. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यू पसरवणारा एडिस तर पाण्यालगतच्या ओलसर भिंतीवर अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात.

उपाय दोनच: खडीच्या पातळीची चार भोकं मोकळी ठेवा, किंवा खडी काठोकाठ भरा. खडीत पाणी मुरलेलं चालतं, उघडं साचलेलं चालत नाही. गप्पी बऱ्याच महापालिकांच्या मलेरिया विभागाकडे मिळतात. ते नदी-ओढ्यात जाऊ नयेत म्हणून सांडव्याची जाळी बारीक ठेवा.

झाड काय सांगतंय

देठ लांब, मऊ, पानं फिकट आणि पाण्यावर लोळलेली असतील तर खोली जास्त झाली. एक थर वाढवा. नवं पान पाण्याखालीच तपकिरी होऊन विरघळत असेल तर घमेलं लगेच शून्यावर आणा आणि गड्डा दाबून बघा. कडक असेल तर वाचेल. मऊ पडलेला भाग धारदार सुरीने कापून टाका, उरलेला ओल्या वाळूत ठेवा.

पानांच्या कडा करपलेल्या, पान आखूड, मुळं खडीवर आलेली, असं दिसलं तर पाणी कमी पडतंय. मे महिन्यात हे दिसलं तर लगेच विटा काढू नका. आधी पाणी भरून शून्याला आणा आणि आठवडाभर बघा. पाणी भरल्यावर झाड सावरलं, तर दोष खोलीचा नसून तुमच्या पाणी घालण्याच्या अंतराचा होता. मातीला कुजक्या अंड्याचा वास येत असेल आणि पानं पिवळी असतील, तर खत जास्त झालं किंवा माती फार घट्ट आहे. तिथे विटांचा खेळ उपयोगाचा नाही, माती बदला.

दोन वर्षांनी बहुतेक घमेली गड्ड्यांनी गच्च होतात. मुळं खडी वर ढकलतात आणि न कळत झाडाची मान दोन-तीन सेंमी वर येते. ऑक्टोबरचं ऊन ओसरल्यावर किंवा फेब्रुवारीअखेरीस घमेलं बाहेर काढा, गड्डा फोडा, बाहेरचे तरुण तुकडे ठेवून मधला जुना भाग कंपोस्टला द्या, आणि पुन्हा शून्यापासून सुरू करा. घमेलं उचलायला दोघं लागतील. पाण्याने भरलेली माती दिसते त्याहून खूप जड असते.